क्लच स्विच "शॉर्ट करा आणि विसरा" म्हणणाऱ्यांना

घाटवेडा
काल एकाने इथे लिहिलं: "क्लचचा नवा लिव्हर टाकला की क्लच स्विच दाबला जात नाही. सोप्पंय. दोन वायरी पिळा, टेप मारा, पाच मिनिटांचं काम. सगळ्या गाड्यांना चालतं. तो स्विच म्हणजे कंपनीचं नाटक." रात्रभर डोक्यात राहिलं, म्हणून सविस्तर लिहितोय. क्लच दाबलाय की नाही हे गाडीला सांगणारा, लिव्हरजवळचा छोटा स्विच तो हाच.

माझी गाडी जुनी. साइड स्टँड खाली असला तर मीटरवर नुसता दिवा लागतो, बाकी काही अडत नाही. ऑनलाइन मागवलेला दोन बोटांचा लिव्हर टाकला, तर त्याचं नाक स्विचच्या पिनपर्यंत पोचेना. फिटर म्हणाला जंपर मारतो, म्हणजे स्विचच्या दोन वायरी थेट जोडतो, मीही म्हणालो मार. दोन महिने मजेत गेले. मग पाचगणीला ताईकडे उतारावर गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून लावली. घाटावर सगळेच तशी लावतात. किल्ली गाडीलाच राहिली. सात वर्षांच्या भाच्याने बाजूला उभं राहून बटण दाबलं आणि गाडी स्टँडवरून उडी मारून तुळशीच्या कुंड्यांवर! पोराच्या पायावर पडली नाही हे त्याचं नशीब, त्यात माझी अक्कल काही नाही. क्लच दाबल्याशिवाय गिअरमध्ये सेल (बटणाचा स्टार्टर) लागू नये, एवढंच त्या स्विचचं काम असतं.

टॉर्कमामा
तो "एक" मीच. नाव घ्यायला लाजू नकोस. किल्ली गाडीला ठेवून पोराला मोकळं सोडलंस आणि दोष वायरीला? आताच्या बऱ्याच गाड्यांना साइड स्टँडचाही स्विच असतो. स्टँड खाली, गिअर पडलेला, की सेल लागतच नाही, जंपर असो वा नसो.

आणि मी हौसेने शॉर्ट केला नाही. भर जुलैत आंबा घाटात वळणावर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये बंद पडली, मागे एसटी. क्लच दाबून सेल मारतोय, तर नुसतं शांत. स्विचमध्ये पाणी. न्यूट्रल सापडेपर्यंत ड्रायव्हरने माझ्या सात पिढ्या उद्धरल्या. घरी आलो आणि वायरी पिळल्या. चार वर्षं झाली, एक तक्रार नाही.

दुचाकीताई
तुमची तक्रार नाही, कारण तक्रार पुढच्या मालकाला येते. ती मी. सेकंडहँड गाडी घेतली, क्रूझ कंट्रोल (मूठ न पिळता वेग कायम ठेवणारी सोय) आहे म्हणून चार पैसे जास्त मोजले. क्रूझ लागेनाच. शोरूमने आधी थ्रॉटलचा सेन्सर बदलला, मग डाव्या हाताचा अख्खा स्विचबॉक्स. दोन्हीची बिलं माझ्याकडून. शेवटी हेडलाइटच्या मागे काळ्या टेपचा गोळा सापडला. क्लच दाबला की क्रूझ सुटतो तो याच स्विचमुळे. जंपरमुळे गाडीला वाटत होतं मी चोवीस तास क्लच धरून बसलेय! आधीच्या मालकाने सांगितलं का? कशाला सांगेल.

जुना बुलेटवाला
किक ठेवली असती तर हा धागाच निघाला नसता. २०२१ मध्ये नवी क्लासिक ३५० आली, किक गायब. बटणावर जगणारी पिढी. माझी १९८९ ची बुलेट आजही एका किकमध्ये.

टॉर्कमामा
काका, किकचा इथे काय संबंध?

जुना बुलेटवाला
संबंध असा की ॲम्पिअर मीटरचा काटा मध्यावर आणायचा, डीकॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब सोडणारा लिव्हर) ओढून पिस्टन जरा पुढे घ्यायचा, मग किक. एवढं आलं की माणूस गाडी ओळखतो. स्विचची गरज अडाण्यांना.

घाटवेडा
माझे वडील पण गाडी ओळखत होते. किकने उलटा फटका दिला, नडगीचं हाड मोडलं, दीड महिना प्लास्टर. काटा मध्यावरच होता म्हणे.

जुना बुलेटवाला
टायमिंग पुढे असणार, ठिणगी लवकर पडत असणार. वडिलांचा मेकॅनिक कोण होता?

दुचाकीताई
झालं. आता पंधरा प्रतिसाद टायमिंगवर.

टॉर्कमामा
आणि एफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल घेणाऱ्या) गाडीची बॅटरी ठार मेली तर पेट्रोलचा पंपच फिरत नाही. किक मारा, दुसऱ्या गिअरमध्ये धक्का मारा, नाहीतर अंगारा लावा.

जुना बुलेटवाला
म्हणूनच कार्बोरेटर.

सांगलीचा वायरमन
भांडून झालं असंल तर बोलू का? मामा, सगळ्या गाड्यांचा स्विच एक जातीचा नसतोय. काहीत क्लच दाबला की सर्किट जुळतंय, काहीत तुटतंय. तुमचं वाचून दुसऱ्या जातीच्या गाडीवर कुणी वायरी पिळल्या तर गाडीला वाटणार क्लच कधी दाबलाच नाही. मग गिअरमध्ये सेल कायमचा बंद. आधी मल्टिमीटर बझरवर लावून बघा की.

बहुतेक वेळा लिव्हर मिलिमीटर-दीड मिलिमीटर कमी पडतोय, बस्स. पिन टेकते तिथं भोक पाडून बारीक ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा स्क्रू) बसवा, क्लिक ऐकू येईपर्यंत फिरवा, वीस मिनिटांत होतंय. पाण्यानं मेलेला स्विच नवा घाला.

आन् सगळे क्लचवर तुटून पडलाय, जोडीनं आलेला ब्रेकचा लिव्हर बघितला का कुणी? त्यो मास्टर सिलिंडरचा (लिव्हरजवळच्या ब्रेक ऑइलच्या पंपाचा) पिस्टन जरा जरी दाबून ऱ्हायला तर ऑइल माघारी जायची वाट बंद. घाटात ऑइल तापून फुगतंय, जायला जागा न्हाई, पॅड डिस्कला धरत्यात आणि पुढचं चाक जाम. माझ्याकडं अशी एक आली हुती, डिस्क निळी पडलेली.

टॉर्कमामा
हां, तू अनुभवाचं बोलतोस, तुझं ऐकतो. "सगळ्या गाड्यांना चालतं" असं लिहायला नको होतं. गाडी विकताना जंपर काढून विकेन. माझ्याकडे आहे तोवर माझी मर्जी.

दुचाकीताई
विकायच्या आधी नंबर टाका इथे, म्हणजे ती गाडी सोडून बाकीच्या बघेन.

टॉर्कमामा
टाकतो. सोबत टेपचा गोळा फुकट.

घाटवेडा
वायरमनदादा, आज स्क्रू बसवला, क्लिक येतोय. तुमचं वाचून ब्रेकचाही लिव्हर हलवून पाहिला, खेळ (मोकळी हालचाल) शून्य! जुना परत टाकलाय. नवा कचऱ्यात.

जुना बुलेटवाला
टायमिंगचं उत्तर आलं नाही अजून.