मुलांसाठी घरच्या पाककृतींचे पुस्तक: ‘अंदाजे’ हा शब्द ग्रॅममध्ये कसा उतरवावा?

प्रश्न

माझी आई आता 74 वर्षांची आहे आणि तिच्याजवळ एक जुनी वही आहे. तिच्या लग्नाआधीपासून तिने त्या वहीत पाककृती लिहिल्या आहेत. काही पाने आजीच्या अक्षरातली आहेत, काहींवर तेलाचे डाग आहेत आणि शिवण सुटल्यामुळे मधली पाने हातात येऊ लागली आहेत. माझी मोठी मुलगी पुढल्या वर्षी शिक्षणासाठी घराबाहेर राहणार आहे, मुलगा त्यानंतर दोन वर्षांनी जाईल. दोघांनाही देता येईल असे घरचे पुस्तक मला तोवर तयार करायचे आहे.

अडचण अशी की त्या वहीत ‘मीठ अंदाजे’, ‘पीठ मावेल तेवढे’, ‘रंग आला की उतरवावे’ एवढेच लिहिलेले आहे. आईला विचारले तर ती म्हणते की हाताला कळते. माझ्या आत्याचे तर ठाम मत आहे की हाताची चव कागदावर उतरत नाही, तेव्हा या उद्योगात पडू नये. मला ते पटत नाही, परंतु सुरुवात कुठून करावी हेही सुचत नाही. मापे कशी ठरवावीत, मूळ वहीचे काय करावे, आणि नवे पुस्तक हाताने लिहावे की संगणकावर, याविषयी ज्यांनी असे काम केले आहे त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर १

मी माझ्या आईच्या पाककृती लिहून काढल्या तेव्हा पहिले सहा महिने तिला प्रश्न विचारण्यात घालवले. ती वेळ वाया गेली, असे आज मला स्पष्ट दिसते. वर्षानुवर्षे स्वयंपाक केलेल्या माणसाला ‘किती घालतेस’ असे विचारले की ते माणूस आठवून उत्तर देते, आणि आठवणीतले प्रमाण व प्रत्यक्ष पातेल्यात पडलेले प्रमाण यांत बराच फरक असतो. म्हणून विचारू नका, मोजा. आणि आईचा हात न थांबवता मोजा. त्याची रीत सोपी आहे. एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा घ्या. स्वयंपाकाला लागण्यापूर्वी मिठाचा डबा, तेलाचे भांडे, पिठाचा डबा हे सगळे झाकणासकट वजन करून आकडे लिहून ठेवा. आईला नेहमीसारखे करू द्या. पदार्थ झाल्यावर तेच डबे पुन्हा तोला. जेवढे वजन कमी झाले तेवढे त्या पदार्थात गेले. असे एकाच पदार्थाचे तीन वेळा करा. तीनही आकडे जवळपास आले तर मधला लिहा, आणि वेगळे आले तर ‘8 ते 11 ग्रॅम’ असे दोन टोकांनी लिहा, कारण तो फरकही खरा असतो: भाजी कोवळी की जून, पीठ कोरडे की दमट, यावर हात आपोआप बदलत असतो. मसाल्याच्या चिमटीसाठी मात्र हा काटा पुरणार नाही, तिथे आईने दहा चिमटी एका कागदावर काढाव्यात आणि त्यांचे एकत्र वजन दहाने भागावे.

आईची ठरलेली वाटी असेल तर ती पाण्याने काठोकाठ भरून पाण्याचे वजन करा. 1 ग्रॅम पाणी म्हणजे 1 मिलिलिटर, त्यामुळे वाटीचे माप लगेच कळते आणि ती वाटी हरवली तरी पुस्तक निकामी होत नाही. छापील ‘कप’ या शब्दावर विसंबू नका. मेट्रिक कप 250 मिलिलिटरचा असतो, अमेरिकी कप सुमारे 237 मिलिलिटरचा. मोठा चमचा बहुतेक ठिकाणी 15 मिलिलिटरचा धरतात, ऑस्ट्रेलियात तो 20 मिलिलिटरचा आहे. पिठाच्या बाबतीत तर एकाच कपात हलक्या हाताने भरलेले पीठ 120 ग्रॅम आणि दाबून भरलेले 150 ग्रॅम किंवा त्याहूनही जास्त बसते. जाड्या मिठाचा एक चमचा आणि बारीक मिठाचा एक चमचा यांचे वजनही सारखे नसते, म्हणून मिठाचा प्रकार अवश्य लिहा.

परंतु मापांपेक्षा अधिक महत्त्वाचे काय असेल तर ज्या पायऱ्या करणाऱ्याला पायऱ्या वाटतच नाहीत त्या. माझ्या हातचे मळलेले पीठ अनेक वर्षे तुटत असे. सगळी मापे बरोबर होती. एके दिवशी मी संपूर्ण वेळ शेजारी उभा राहिलो तेव्हा लक्षात आले की आई पीठ मळून झाल्यावर कांदा चिरायला घेते, मग भांडी आवरते, आणि त्या अर्ध्या तासात पीठ झाकून मुरत असते. तिच्या दृष्टीने ती कृती नव्हतीच, ते मधले काम होते. पाककृतीचे मर्म अशाच ठिकाणी दडलेले असते. म्हणून एकदा तरी सुरुवातीपासून शेवटपर्यंत घड्याळ लावून पाहा, आणि आईची परवानगी असेल तर ध्वनिमुद्रण करा. ‘रंग आला की’ म्हणजे कोणता रंग, परतताना आवाज कधी बदलतो, कच्चा वास कधी जातो, हे तिच्याच शब्दांत मिळेल. पातेल्याचा व्यास आणि जाडी लिहा, कारण ‘मध्यम आच’ ही प्रत्येक शेगडीवर वेगळी असते. मुले उंचावरच्या गावी राहायला गेली तर दर 300 मीटर उंचीला पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे 1 अंश सेल्सियसने उतरतो आणि उघड्या पातेल्यात शिजायला जास्त वेळ लागतो, त्यामुळे मिनिटांच्या जोडीला ‘दाणा बोटांनी दाबला की पूर्ण मोडला पाहिजे’ अशी खूण दिलेली असावी.

उत्तर २

मी ग्रंथालयात जुन्या कागदपत्रांच्या जतनाचे काम केले आहे, म्हणून केवळ मूळ वहीविषयी लिहिते. कृपया ती वही लॅमिनेट करू नका. लॅमिनेशनमध्ये उष्णतेने वितळलेला चिकट थर कागदात शिरतो आणि तो पुन्हा काढता येत नाही, आणि आतला आम्लयुक्त कागद तसाच पिवळा व ठिसूळ होत राहतो. सुटी पाने पारदर्शक चिकटपट्टीने जोडण्याचा मोहही आवरावा. ती पट्टी काही वर्षांत पिवळी पडते आणि तिचा डिंक अक्षरांवर पसरतो. गंजलेल्या टाचण्या असतील तर त्या हळूच काढून घ्याव्यात. वहीत कुणी दुकानातल्या यंत्रातून आलेल्या गुळगुळीत पावतीच्या मागे काही लिहिलेले असेल तर त्याचे चित्र सर्वांत आधी घ्या, कारण त्या कागदावरचा उष्णतेने उमटलेला मजकूर पुसट होत जातो.

प्रत्येक पान, डागांसकट आणि कोऱ्या मागच्या बाजूसकट, रंगीत स्कॅन करावे. 300 डीपीआय (दर इंचाला 300 ठिपके) पुरेसे असते, पेन्सिलीचे किंवा पुसट अक्षर असेल तर 600 ठेवावे. डाग पुसण्याचा प्रयत्न करू नये. कोणते पान सर्वांत जास्त वापरले गेले हे तेच सांगतात. वही उघडताना तिचा मणका, म्हणजे शिवणीची कडा, ताणला जात असेल तर सपाट यंत्रावर दाबण्याऐवजी खिडकीजवळच्या उजेडात वरून छायाचित्र काढलेले बरे. त्यानंतर मूळ पाने पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटांत किंवा आम्लरहित कागदात ठेवून पेटीत आडवी ठेवावीत. पीव्हीसी या प्लास्टिकची पाकिटे टाळावीत, आणि पेटी स्वयंपाकघरात ठेवू नये.

नव्या पुस्तकाविषयी माझे मत असे की संगणकावर तयार करून छापावे, मात्र मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे सर्व यंत्रांना समजणाऱ्या अक्षर-संकेतांतच, टंकावा. जुन्या, विशिष्ट फाँटवर अवलंबून असलेल्या पद्धतीने टंकलेले देवनागरी तो फाँट नसलेल्या यंत्रावर निरर्थक चिन्हांसारखे दिसते, आणि वीस वर्षांनी तुमच्या मुलांकडे तो फाँट असेलच असे नाही. छपाईसाठी आयएसओ 9706 या मानकाचा, म्हणजे आम्लरहित आणि कॅल्शियम कार्बोनेटचा साठा असलेला कागद मिळाला तर घ्यावा. शाई रंगद्रव्याची (पिगमेंट) असावी. विरघळलेल्या रंगाची (डाय) शाई प्रकाशात लवकर उडते आणि ओला हात लागला की पसरते. बांधणी शिवलेली असली तर पुस्तक ओट्यावर सपाट उघडे राहते. फाइलच्या तीन प्रती दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर ठेवून त्यांतली एक दुसऱ्या घरी असावी.

प्रश्नकर्तीकडून

दोघांचेही मनापासून आभार. रविवारी डबे तोलण्याचा प्रयोग करून पाहिला. आई ‘एक चमचा मीठ’ म्हणते ते दोन वेळा 9 आणि 10 ग्रॅम भरले. सपाट लहान चमचाभर बारीक मीठ 6 ग्रॅमच्या आसपास असते, म्हणजे माझ्या हातचे इतकी वर्षे अळणी का लागत होते ते कळले. तिचा चमचा शिगोशीग असतो, हे मी रोज पाहत होते आणि तरी पाहिले नव्हते. तिला सुरुवातीला अवघडल्यासारखे झाले, पण आकडा ऐकल्यावर तिने स्वतःच तेलाचे भांडे काट्यावर ठेवले.

आता नवा पेच असा पडला आहे की आईची वाक्ये मी सुधारून लिहावीत का? आणि वहीत तेलात मुरवून महिनोनमहिने बाहेर ठेवण्याचे काही पदार्थ आहेत, ते जसेच्या तसे मुलांच्या हाती द्यावेत का?

उत्तर ३

वाक्ये सुधारू नका, ही कळकळीची विनंती आहे. आम्ही आमच्या घरच्या पुस्तकात ती चूक केली. सासूबाईंची ‘मायेने ढवळत राहावे, चिकटू देऊ नये’ अशी वाक्ये काढून तिथे ‘सतत ढवळा’ असे लिहिले, आणि त्या गेल्यानंतर ते पान वाचताना कुणालाच त्यांचा आवाज ऐकू आला नाही. नव्या आवृत्तीत आम्ही डाव्या पानावर त्यांच्या हस्ताक्षराचे चित्र आणि उजव्या पानावर मापे, वेळ व खुणा अशी रचना केली. आकडे बदलले तर बदल करणाऱ्याने तारीख घालून खाली लिहायचे, मूळ खोडायचे नाही. पदार्थ कुणाकडून आला हेही लिहा. एखादी कृती डब्यावरच्या वेष्टनावरून उतरवलेली असेल तर तसेच सांगा, त्यात कमीपणा नाही.

टिकवणीच्या पदार्थांबाबत मात्र हात राखून चालणार नाही. लसूण, औषधी पाने, भाज्या असे कमी आम्लाचे जिन्नस तेलाखाली हवाबंद होऊन सामान्य तापमानात राहिले तर बोट्युलिझमचे (अन्नातून होणाऱ्या जीवघेण्या विषबाधेचे) जंतू वाढून विष तयार करू शकतात, आणि ते चवीला किंवा वासाला कळेलच असे नसते. पीएच (आम्लतेचा आकडा, तो जितका कमी तितके आम्ल जास्त) 4.6 च्या खाली असेल तर ते जंतू वाढत नाहीत, परंतु घरी चाखून हा आकडा ठरवता येत नाही. अशा पानावर आईचा मजकूर तसाच ठेवा आणि समोर ठळकपणे लिहा की हा पदार्थ थोडा करावा, फ्रिजमध्ये ठेवावा आणि चार दिवसांत संपवावा. तान्ह्या बाळासाठी मध सांगितलेला असेल तर एक वर्षाच्या आत तो देऊ नये, हेही तिथेच लिहा. तुमच्या मुलांची मुलेही हे पुस्तक उघडणार आहेत.

आणखी एक. सगळी वही एकदम घेऊ नका. मुलांना विचारा की घराबाहेर असताना कोणते दहा पदार्थ आठवतील, आणि तेवढे आधी पूर्ण करा. प्रत्येक कृती लिहून झाली की मुलीला ती एकटीने करायला सांगा. आई शेजारी बसेल, पण बोलणार नाही. मुलगी जिथे थांबून तिच्याकडे पाहील, तिथे पानावर एक वाक्य कमी आहे असे समजा आणि ते त्याच वेळी लिहून घ्या.