थायमसला थायरॉइड कसा काय माहीत असतो?

फोंड्याची_बारावी: आईला हाशिमोटो निघाला, डॉक्टर म्हणाले शरीरच स्वतःच्या थायरॉइडवर हल्ला करतंय. पण आमच्या पुस्तकात तर आहे की अशा स्वतःवर उलटणाऱ्या टी पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) थायमस ग्रंथीतच मारतात? आणि थायमस छातीत, थायरॉइड गळ्यात, मग त्याला कळतं कसं?? चवथीला सगळे जमले तेव्हा काकांनाही विचारलं, कोणालाच सांगता आलं नाही

म्हापसा_लॅब: खूप चांगला प्रश्न विचारलास गो. थायमसच्या आतल्या भागात काही पेशींत एअर नावाचं जीन चालू असतं, १९९७ साली सापडलेलं, ते इन्सुलिनसारखी दुसऱ्याच अवयवांची प्रथिनं तिथे थोडी थोडी बनवायला लावतं, म्हणजे कोवळ्या टी पेशीला शरीराचे नमुने तिथेच बघायला मिळतात, जी त्यांना फार घट्ट चिकटते ती स्वतःला संपवते, अॅपॉप्टॉसिस. मला हे अजूनही थक्क करतं! एअर बिघडलं तर लहानपणीच एकेक ग्रंथी बंद पडायला लागते. अँटिबॉडी बनवणाऱ्या बी पेशींचं हेच बोनमॅरोमध्ये, फक्त त्यांना आधी रिसेप्टर, म्हणजे ज्याने त्या चिकटतात तो भाग, बदलायची एक संधी मिळते.

मडगावकर_मास्तर: वरचं बरोबर, पण गाळणी शंभर टक्के नसते हे पुस्तकं नीट सांगत नाहीत. काही पेशी निसटतातच, त्यांना बाहेर रेग्युलेटरी टी पेशी आवरतात, जपानी शास्त्रज्ञ साकागुचींनी १९९५ मध्ये दाखवलं आणि २०२५ चं नोबेल त्यावरच. आईच्या बाबतीत हा आवर सुटला असं समज.

फोंड्याची_बारावी: देव बरें करूं सर, आज आईलाच समजावून सांगते