मदत हवी आहे: तीन वर्षांची लेक कानातलं मशीन ओढून काढते

नमस्कार. आम्ही बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातले. बेरा टेस्टनंतर (ऐकू येतं का ते तपासणारी टेस्ट) लेकीच्या दोन्ही कानांना ऐकण्याचं मशीन बसवलं. घर शांत असलं की ठेवते, पण कुकरची शिट्टी झाली किंवा भावंडांचा दंगा सुरू झाला की ओढून काढते. मोल्ड (कानात बसणारा मापाचा साचा) सैल झाल्यावर मशीन शिट्टी मारतं आणि कान वाढेल तसा तो बदलावा लागतो, एवढं कळलंय. बॅटरी तोंडात घालू नये म्हणून कुलूपवालं झाकणही घेतलंय. सासूबाई म्हणतात, टोपी घाल, लोक बघतात. मला लपवायचं नाही.

खरी काळजी बोलण्याची. घरी मराठी, थेरपी कन्नडमधून. बेळगाव-निपाणीकडं मराठीतून शिकवणारं कुणी आहे का? म्हैसूरच्या वाक् श्रवण संस्थेत कुणी मुलाला घेऊन राहिलंय का? आणि दंग्यात मशीन कानात राहावं म्हणून तुम्ही काय केलंत?