‘लाइन’ : आपल्याकडे या शब्दाचा अर्थ काय?

लॅटिनमध्ये जवसाच्या धाग्याला जे नाव होते, त्यावरून इंग्रजीतील ‘लाइन’ हा शब्द तयार झाला. आपल्याकडे तो छावणी, रेल्वे आणि वीज यांच्याबरोबर आला आणि ज्या गावी ज्या कामासोबत पोहोचला, त्या कामाचाच अर्थ तेथे रुजला, असे माझे मत आहे. म्हणून कोशातले अर्थ न देता आपण स्वतः ऐकलेले वापर सविस्तर लिहावेत, ही विनंती.

माझे बालपण पोलीस लाइनीत गेले. छावणीत शिपायांच्या राहण्याच्या रांगांना इंग्रज ‘लाइन्स’ म्हणत. मुंबईचे मरीन लाइन्स हे नावही मरीन बटालियनच्या अशाच वसाहतीवरून पडले. आमच्या शाळेत ‘लाइनीतली मुले’ एवढे म्हटले, की वडिलांचा हुद्दा कोणी विचारत नसे.

वाशीम जिल्ह्यातील शेतकरी : आमच्याकडे लाइन म्हणजे वीज. ‘लाइन आली का?’ हा प्रश्न पेरणीइतकाच महत्त्वाचा, कारण शेतीपंपांना थ्री फेज वीज पाळीने मिळते आणि रात्रपाळीच्या आठवड्यात ओलितासाठी अंधारात शिवारात जावे लागते. ती देणारा, तोडणारा आणि खांबावर चढून जीव धोक्यात घालणारा माणूस म्हणजे लाइनमन; त्याच्याविषयी मला मनापासून आदर आहे.

निवृत्त स्टेशन मास्तर : आमच्या नोकरीत ‘लाइन क्लिअर’ या शब्दांवर शेकडो प्रवाशांचे प्राण अवलंबून असत. पुढच्या स्थानकापर्यंतचा मार्ग मोकळा आहे आणि गाडी घेण्यास ते स्थानक तयार आहे, अशी तेथील मास्तरांची संमती मिळाल्याशिवाय आम्ही गाडी सोडत नसू. एकेरी मार्गावर ही संमती मिळाली, की यंत्रातून टोकनचा पोलादी गोळा निघे आणि तो चालकाच्या हाती दिला जाई. ‘साहेब लाइनवर आहेत’ याचा अर्थ मात्र निराळा : ते मुख्यालय सोडून तपासणीला गेले आहेत.

सातारा येथील गृहिणी : माझ्या सासूबाई स्थळ पाहताना ‘मुलगा कोणत्या लाइनला आहे?’ असे विचारीत. त्यांच्या बोलण्यात लाइन म्हणजे धंदा किंवा पेशा. पण ‘तो वाईट लाइनला लागला’ असे म्हणताना त्याच शब्दात चालचलणूकही येई.

क्रिकेट प्रशिक्षक : मुलांना मी प्रथम लाइन आणि लेंग्थ यांतील फरक समजावतो. चेंडू किती अंतरावर टप्पा घेतो ती लेंग्थ, आणि यष्ट्यांच्या संदर्भात तो कोणत्या दिशेने जातो ती लाइन.