दहाजणांतला एक
बार मिट्झवा, म्हणजे ज्यू मुलगा धर्माच्या दृष्टीने सज्ञान झाल्याचा विधी, हा आता केवळ मेजवानीचा समारंभ उरला आहे, असे काहीजण म्हणतात; ते मत मला पूर्णपणे पटत नाही. तेरा वर्षे पूर्ण झालेला मुलगा सामूहिक प्रार्थनेसाठी लागणाऱ्या दहा पुरुषांत गणला जातो, आणि १९४८ नंतर आम्हा मराठी भाषक ज्यूंपैकी, म्हणजे बेने इस्राएलपैकी, बहुसंख्य कुटुंबे इस्राएलला गेल्यामुळे कोकणातील अनेक सिनेगॉगांत (ज्यू प्रार्थनास्थळांत) हे दहाजण जमवणेच कठीण झाले असताना, एका मुलाची भर ही किरकोळ गोष्ट राहत नाही. माझ्या मुलाने तोरा या ज्यू धर्मग्रंथातील आपला उतारा सुरात वाचावा, ही इच्छा आहेच. पण त्याचा अर्थ त्याला कळावा, ही त्याहून मोठी, कारण नुसते पाठांतर शिकवणीनेही होते. शनिवारी परीक्षा किंवा क्रिकेटचा सामना आला, तर शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा पवित्र विश्रांतीचा दिवस, कसा पाळायचा, हे यापुढे त्यालाच ठरवावे लागेल. पुढे तो इस्राएलला गेला, तर सक्तीची लष्करी सेवा आहे आणि घरातली मराठीही हळूहळू मागे पडेल. इथेच राहिला, तर एवढ्याशा समाजात लग्न जुळणे अवघड. मलिद्याचे, म्हणजे गोड पोह्यांच्या नैवेद्याचे, ताट मांडून एलियाहू हन्नाबी या प्रेषिताला नवस बोलताना यांपैकी नेमके काय मागावे, याबाबत आम्हा नवरा-बायकोचे अजून एकमत झालेले नाही.