मदत हवी आहे : मेंदूच्या गाठीचं ऑपरेशन जवळ करावं की यंत्रांसाठी मुंबई गाठावी?

नमस्कार मंडळी,

माझे मोठे काका, आम्ही त्यांना आबा म्हणतो. वय 58, पारोळ्याजवळ कपाशीची शेती. दिवाळीनंतर बोलताना त्यांना साधे शब्द आठवेनासे झाले, मग एकदा झटका आला. जळगावला एमआरआय केला. डाव्या बाजूला, बोलण्याच्या भागाला खेटून गाठ आहे आणि रिपोर्टात हाय ग्रेड ग्लायोमाची, म्हणजे मेंदूतल्याच पेशींपासून झालेल्या, वेगानं वाढणाऱ्या कॅन्सरच्या गाठीची शक्यता लिहिली आहे. डेक्सामेथासोन सुरू केल्यावर बोलणं सुधारलं, डोकं दुखायचं थांबलं. त्यामुळे मोठी आई म्हणते, "आते तं बरं शे ना!" औषधानं सूज उतरली आहे, गाठ जागच्या जागी आहे, हे घरात समजावता समजावता माझा जीव मेटाकुटीला आलाय.

जवळचे न्यूरोसर्जन लगेच ऑपरेशन करायला तयार आहेत. त्यांच्याकडे मायक्रोस्कोप आणि न्यूरोनेव्हिगेशन, म्हणजे मेंदूत नेमकं कुठे पोहोचलो ते नकाशासारखं दाखवणारं यंत्र आहे. मुंबईत एका ठिकाणी ऑपरेशन चालू असताना सोनोग्राफी करतात, निळ्या उजेडात गाठ चमकवणारं 5-एएलए औषधही वापरतात. तिसऱ्या ठिकाणी थिएटरमध्येच एमआरआय आहे, पण तिथला खर्च आमच्या आवाक्याबाहेरचा आणि तारीखही उशिराची.

मला समजलंय ते असं. नेव्हिगेशन आधी काढलेल्या एमआरआयवर चालतं. कवटी उघडली, मेंदूभोवतीचं पाणी वाहून गेलं, थोडी गाठ निघाली की मेंदू खाली बसतो आणि तो नकाशा जुना होतो. म्हणून ऑपरेशनमध्येच पुन्हा चित्र घ्यायचं, किंवा 5-एएलएनं गाठ चमकवून बघायची. त्यानं गाठ जास्त निघते, याबद्दल फारशी शंका दिसत नाही. 2006 च्या जर्मनीतल्या 5-एएलएच्या अभ्यासात एमआरआयवर (रंगद्रव्य टोचल्यावर) उठून दिसणारी गाठ पूर्ण निघालेले रुग्ण 65 टक्के होते, साध्या उजेडात केलेल्यांत 36. सहा महिन्यांनी गाठ पुन्हा वाढलेली नव्हती असे 41 टक्के, दुसऱ्या गटात 21. पण एकूण आयुष्यात ठोस फरक दिसला नाही. 2011 मध्ये फ्रँकफर्टला थिएटरमधल्या एमआरआयचा अभ्यास झाला, तिथेही गाठ पूर्ण निघण्याचं प्रमाण 68 वरून 96 टक्क्यांवर गेलं. मात्र रुग्ण घेतले होते 58 च. कोक्रेन या वैद्यकीय अभ्यासांचा आढावा घेणाऱ्या संस्थेनं असे सगळे अभ्यास एकत्र तपासले, तरी आयुष्य वाढतं असं खात्रीनं म्हणता आलेलं नाही.

माझं मन इथेच अडकतं. ज्यांची जास्त गाठ निघाली ते जास्त जगले, असं जुन्या नोंदी सांगतात. पण ज्यांची गाठ सोयीच्या जागी आणि वय कमी, त्यांचीच तर जास्त निघते! मग आयुष्य नेमकं कशानं वाढलं? शिवाय आबांची गाठ वाचेला लागून आहे. शेवटचा तुकडा काढायच्या नादात बोलणं किंवा उजवा हात गेला, तर पुढची रेडिएशनही लांबू शकते. म्हणून मला यंत्रापेक्षा जागेपणी ऑपरेशन करणारी, रुग्णाशी बोलत बोलत गाठ काढणारी टीम जास्त महत्त्वाची वाटते.

आणि ऑपरेशन ही तर सुरुवात आहे. ग्लायोब्लास्टोमा, म्हणजे या गाठींतला सगळ्यात आक्रमक प्रकार, निघाला तर साधारण सहा आठवडे रेडिएशन, सोबत टेमोझोलोमाइड या केमोच्या गोळ्या. 2005 च्या मोठ्या अभ्यासात रेडिएशनला या गोळ्यांची जोड दिल्यावर मध्यक आयुष्य (निम्मे रुग्ण जितका काळ जगले तो) 12.1 वरून 14.6 महिन्यांवर गेलं. हे आकडे मी घरात अजून कुणाला सांगितलेले नाहीत. काढलेल्या गाठीच्या तुकड्याची आयडीएच आणि एमजीएमटी या जनुकांची तपासणी (गाठीचा प्रकार आणि गोळ्या कितपत लागू पडतील ते कळायला) व्हायलाच हवी, हे मात्र मी दोन्हीकडे ठासून सांगणार आहे.

तर विचारायचं असं : इथे कुणी न्यूरोसर्जन किंवा कॅन्सरचे डॉक्टर असतील, तर वाचेजवळच्या गाठीला ऑपरेशनमधल्या सोनोग्राफीसाठी दोन-तीन आठवडे थांबणं योग्य आहे का? सर्जनना कोणते प्रश्न विचारू? अशी किती ऑपरेशनं करता, नंतर किती जणांचं बोलणं बिघडलं, 72 तासांच्या आत पुन्हा एमआरआय करता का, एवढे लिहून ठेवलेत.

ज्यांच्या घरातलं माणूस यातून गेलंय त्यांनीही लिहा. महात्मा फुले योजनेत ऑपरेशन बसलं तरी 5-एएलएचा खर्च वेगळा पडला का? ऑपरेशन मुंबईत आणि रेडिएशन जळगाव, धुळे किंवा नाशिकला, असं जमवलंय का कुणी? आबांना रोज न्यायला-आणायला माझा धाकटा भाऊच आहे, आणि कापूस अजून शेतातच आहे. येत्या सोमवारी आम्हाला डॉक्टरांना होकार किंवा नकार कळवायचा आहे.