स्किफ गेली. पुढची सेवा ओपन सोर्स असली की झालं?

खडकवासलेकर

नोंदी-दस्तऐवजांचं ॲप बनवणाऱ्या नोशनने स्किफ ही एन्क्रिप्टेड मेलसेवा विकत घेतल्याची बातमी ९ फेब्रुवारी २०२४ ला आली आणि ९ ऑगस्टला स्किफची मेल, ड्राइव्ह, कॅलेंडर सगळं बंद. आपली पत्रं कंपनीलाही वाचता येऊ नयेत म्हणून जीमेल सोडून तिथे गेलेल्यांना सहा महिन्यांत पुन्हा बोचकं बांधावं लागलं. माझी मेल दुसऱ्याच एका छोट्या सेवेवर होती, तिचं नाव घेत नाही, पण तीही अशीच गेली. पत्रं एका संध्याकाळी उतरवून घेतली. पत्ता मात्र गेला. बँक, पीएफ, विमा, मुलीची शाळा, वीजबिल, सगळीकडे तोच दिलेला. बदलायला जावं तर ओटीपी जुन्याच पत्त्यावर! दोन महिने वहीत यादी करून एकेक नाव खोडत होतो.

यापुढे सेवा ओपन सोर्स नसेल, म्हणजे तिचा कोड कोणालाही बघता आणि स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येईल असा खुला नसेल, तर ती घ्यायचीच नाही, असं माझं ठाम मत झालंय. मोझिलाने फायली पाठवायची सेवा फायरफॉक्स सेंड मार्च २०१९ मध्ये आणली, तिच्यातून मालवेअर (घातक सॉफ्टवेअर) पसरवलं जाऊ लागल्यावर सप्टेंबर २०२० मध्ये कायमची बंद केली. पण कोड खुला होता, इतरांनी तो पुढे सांभाळला. दस्तऐवजांना क्रिप्टपॅड आहे, फायलींना नेक्स्टक्लाउड, फोटोंना एन्टे (यांनी २०२४ मध्ये सर्व्हरचा कोडही खुला केला). मग दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी का प्यायचं?

सोनचाफा

पूर्ण असहमत. स्किफच्या ॲप्सचा कोड गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर होताच की! म्हणून कोणाचा पत्ता वाचला? लेख साठवून वाचायचं ॲप ऑम्निव्होर तर सर्व्हरसकट ओपन सोर्स होतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये इलेव्हनलॅब्ज या एआय-आवाजाच्या कंपनीने ती टीम घेतली आणि पुढच्याच महिन्यात सेवा बंद झाली. कोड खुला असणं आणि सेवा चालू राहणं या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पगार कोण देतंय ते आधी बघा. वर्गणीवर चालणारी सेवा मला गुंतवणूकदारांच्या पैशावर फुकट मिळणाऱ्या सेवेपेक्षा केव्हाही बरी वाटते. प्रोटॉन या मेलसेवेचा सर्व्हर कोड खुला नाही, तरी मी पैसे भरून तेच वापरते. २०२४ मध्ये त्यांनी कंपनीची सूत्रं ना-नफा प्रतिष्ठानाकडे दिली, हे मला कोडपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

खडकवासलेकर

ऑम्निव्होर बंद झालं, मेलं नाही. ज्याला हवं तो आजही स्वतःच्या सर्व्हरवर चालवू शकतो. स्किफच्या बाबतीत तेवढाही मार्ग उरला नाही. फरक आहे तो इथे.

रात्रपाळी

सर्व्हर सांभाळणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे, म्हणून लिहितो. स्वतःचा मेल सर्व्हर घरी चालवून बघा एकदा. घरगुती ब्रॉडबँडवर बहुधा स्वतंत्र पब्लिक आयपी (इंटरनेटवरचा आपला पत्ता) मिळत नाही, मेल पाठवायचा मार्ग, म्हणजे पोर्ट २५, अनेकदा बंद असतो. भाड्याचा सर्व्हर घेतला तर त्या आयपीवर आधीच्या भाडेकरूने स्पॅम पाठवलेला असतो, त्याचं पाप आपल्या माथी. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क (मेल खरंच आपल्याकडूनच आलीय हे दाखवणाऱ्या सोयी) सगळं नीट लावूनही पत्र समोरच्याच्या स्पॅममध्ये जातं. मी हे तीन वर्षं केलं आणि सोडलं. फोटो, फायली स्वतःकडे ठेवा, खुशाल ठेवा. मेल नको.

आणि तुम्ही दोघं भांडताय कोडवर. खडकवासलेकरांना दोन महिने छळलं कशाने? पत्त्याने. स्वतःचं डोमेन (पत्त्यातला @ नंतरचा भाग) घ्या, साध्या डोमेनला वर्षाला फार पैसे लागत नाहीत. कंपनी बुडाली, विकली गेली, तरी डोमेन दुसऱ्या सेवेकडे वळवायचं, पत्ता तोच राहतो. स्किफवरही ज्यांनी आपलं डोमेन जोडलं होतं त्यांना फक्त सामान हलवावं लागलं.

सोनचाफा

डोमेनही भाड्याचंच. नूतनीकरण चुकलं आणि ते भलत्याने घेतलं, तर बँकेचे पासवर्ड बदलण्याचे मेल सरळ त्याच्या हातात. माझी आई बहात्तर वर्षांची आहे. तिच्या नावाचं डोमेन उद्या मी आजारी पडले तर कोण भरणार? तुमचे सगळे उपाय घरात एक संगणकवाला आहे असं धरून चाललेत.

पैलतीर

तुम्ही सगळे सेवा कंपनीमुळेच जाते असं धरून बोलताय. मे २०२३ मध्ये केंद्राने जम्मू-काश्मीरमधल्या वापराचं कारण देऊन १४ ॲप्स बंद केली, त्यांत ब्रायर आणि एलिमेंट ही संदेशांची ॲप्स होती. दोन्ही ओपन सोर्स! एप्रिल २०२५ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने प्रोटॉन मेल भारतात बंद करण्याची कार्यवाही सुरू करायला केंद्राला सांगितलं. तिथे ना कोड कामाला येतो ना वर्गणी. आणि लाव्हाबिट ही मेलसेवा आठवा, ऑगस्ट २०१३. अमेरिकी सरकारला किल्ली द्यावी लागली, तेव्हा सगळ्यांची पत्रं उघडी पडू देण्यापेक्षा मालकाने सेवाच बंद केली. ग्राहकांना आदल्या दिवशी कळलंही नाही. मी त्याला दगा म्हणणार नाही. माझ्या हिशेबी तो माणूस शब्दाला जागला.

खडकवासलेकर

एलिमेंट बंद केलं तरी त्यामागचा मॅट्रिक्स प्रोटोकॉल (संदेशांची देवाणघेवाण कशी करायची याचे नियम) खुला आहे, दुसऱ्या ॲपने, दुसऱ्या सर्व्हरवरून तीच माणसं बोलू शकतात. पैलतीर, माझा मुद्दा तुम्हीच पक्का केलात.

रात्रपाळींचं मात्र पटलं. मेल पैसे भरून दुसऱ्याकडे आणि डोमेन माझं, दहा वर्षांचे पैसे एकदम भरून. रजिस्ट्रारचा (डोमेन विकणाऱ्या कंपनीचा) तपशील कागदावर लिहून एलआयसीच्या पॉलिसीसोबत कपाटात ठेवलाय, बायकोला जागा दाखवली आहे.

सोनचाफा

कपाटातल्या कागदाचं काय करायचं हे वहिनींनाही शिकवा, मग सांगा. आईची मेल मी जीमेलवरच ठेवतेय. तिला पत्र कोण वाचतंय यापेक्षा पत्र येतंय की नाही याची काळजी जास्त आहे, आणि ती काळजी मला कमी मोलाची वाटत नाही.